पणजोबांच्या महायुद्धातील नोकरीचा शोध कसा घ्यावा

‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते’ एवढीच आठवण घरात उरली असेल, तर सुरुवात पदकापासून करावी. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती झिजू नयेत म्हणून पदक चिंच लावून घासू नये, तिरक्या उजेडात भिंग धरून वाचावे. पलटण कळली की बरेच उलगडते. ती ११० वी मराठा निघाली, तर बसऱ्याप्रमाणेच आजच्या इराकमध्ये असलेल्या कुत-अल-अमारा या शहराच्या १९१५-१६ च्या वेढ्याची माहिती काढावी, कारण एप्रिल १९१६ मधील शरणागतीनंतर कितीतरी हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेतच दगावले. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातील मृतांची स्मारके व नोंदी जपणाऱ्या संस्थेच्या नोंदी पाहाव्यात. तेथे पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गावही सापडते, मात्र स्पेलिंग ओळखू न येण्याइतके बदललेले असू शकते आणि आजचा रायगड जिल्हा तेथे कुलाबा म्हणून येतो. दरम्यान घरातील सर्वांत वृद्ध आजींशी बोलणे अजिबात लांबणीवर टाकू नये. पेन्शन आणायला कोण जाई, मनीऑर्डर कोणाच्या नावे येई, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते, आणि माझ्या मते त्या आठवणींचे मोल सरकारी कागदांहून तसूभरही कमी नाही.