रुग्णालयाच्या इमारतीच्या रचनेमुळे रुग्ण लवकर बरा होतो, याला काही पुरावा आहे का?

आहे. मी रुग्णालयांचे नकाशे करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. फक्त ज्या पुराव्याचा सगळीकडे गवगवा होतो तो सर्वात भक्कम नाही.

रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास तुमच्या वाचनात आला असेल. पित्ताशय काढलेले ४६ रुग्ण, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली. पण रुग्णालय एकच, माणसं मोजकी. तेवढ्या जोरावर लॉबीत कारंजी बसवायची, हे मला पटत नाही.

खेळत्या हवेने संसर्ग रोखण्याबद्दलचं काम जास्त ठोस वाटतं. पेरूमधल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडला आणि दारं-खिडक्या उघडल्यावर तो किती झपाट्याने उतरतो ते मोजलं. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. क्षयरोग्यांच्या खोलीत यंत्राने हवा खेळवायची तर १२ वेळा हे प्रमाण धरतात. अर्थात थंडी पडली की खिडक्या बंद होतात आणि हिशेब कोलमडतो. गंमत म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या लांब वॉर्डचा आग्रह धरला तो दूषित हवेतूनच रोग होतात या समजुतीने. कारण चुकीचं, उपाय बरोबर!

बारकावा बघायचा असेल तर वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांचं फिनलंडमधलं पैमिओचं क्षयरोग रुग्णालय (१९३३) बघा. दोघांच्या खोलीत एकजण हात धुताना दुसऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून बेसिनचा उतार असा ठेवला, की पाणी तिरकं पडून आवाज येत नाही. रुग्ण दिवसभर छताकडेच बघत पडलेला असतो, म्हणून छताला गडद हिरवा रंग आणि दिवा त्याच्या नजरेआड.

स्वतंत्र खोल्यांबद्दल मात्र सरसकट उत्तर देणार नाही. संसर्ग कमी पसरतो, झोप बरी लागते. पण परिचारिकांची पायपीट वाढते, आणि पलंगावरून एकटाच उठायला गेलेला वृद्ध रुग्ण कुणाच्या नजरेला पडत नाही. त्यामुळे नकाशा हातात आला की मी आधी परिचारिकेच्या टेबलावरून किती उशा दिसतात ते बघतो.