स्टॉल लावण्याआधी अर्ज करा, आणि तोही डिझाइनचा नको

ताई, कपडे वाळत घालायच्या तुमच्या नव्या स्टँडबद्दल "आधी स्टॉल लावते, प्रतिसाद बघते आणि मग डिझाइनची नोंदणी करते" असं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय. तसं चालणार नाही. आधी अर्ज, मग स्टॉल. आणि माझ्या मते तुम्हाला डिझाइनची नोंदणी नकोच आहे, पेटंटचा अर्ज हवाय. मी वकील नाही, पण यात चांगलाच पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा स्टँड तसा घरोघरी असतो तोच: छताला टांगलेल्या सहा नळ्या आणि भिंतीवरच्या हुकांना गुंडाळलेल्या दोऱ्या. तुमच्यात दोरी बांधावीच लागत नाही. ओढून सोडली की नळी तिथेच थांबते, हलकासा हिसका दिला की खाली येते, त्यामुळे सासूबाईंना स्टूल लागत नाही. आता मला सांगा, यात नवीन काय आहे? दिसणं की चालणं? दिसायला तो बाजारात मिळतो तसाच आहे. नवं आहे ते चालणं.

सगळं घोडं इथेच पेंड खातं. डिझाइन कायदा 2000 चा. त्याच्या व्याख्येतच म्हटलंय की आकार, नक्षी, रंगसंगती असं जे निव्वळ डोळ्यांनी जोखता येतं तेवढंच डिझाइन. बांधणीचं तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन त्यातून सरळ वगळलंय. अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी डिझायनर फिलिप स्टार्कने केलेला तीन उंच पायांचा, पुतळ्यासारखा दिसणारा लिंबाचा स्क्वीझर (1990) बघा. रस नीट निघो न निघो, लोक तो रूपासाठी घेतात. ते डिझाइन. याउलट जॉर्ज कारवर्डाइन हा गाड्यांच्या सस्पेन्शनचा इंजिनियर. त्याने 1932 मध्ये स्प्रिंगांचा दिवा केला. जिथे सोडाल तिथे थांबणारा टेबल-लॅम्प तो हाच. तिथे कमाल स्प्रिंगांच्या तोलाची आहे, आणि त्याने पेटंटच घेतलं. तुमचा स्टँड या दिव्याच्या जातीचा आहे.

आता माझी गोष्ट. आईच्या गुडघ्यांमुळे तिला खाली बसून चिरता येईना, म्हणून ओट्याला लावायची विळी केली. तशा विळ्या बाजारात आहेत, हे मलाही माहीत होतं. माझी गंमत पाटाच्या खाली होती. पाटातून एक पितळी खिट्टी खाली डोकावते. पाट ओट्याच्या कडेवर ठेवून खालचा स्क्रू आवळला की ग्रॅनाइट ती खिट्टी वर ढकलतं, आणि तेव्हाच पातं उभं राहतं. पाट ओट्यावरून काढला की खिट्टी घसरते आणि पातं आपसूक मिटून खाचेत जातं. म्हणजे उघडी विळी घरात कुठे पडून राहूच शकत नाही. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारागिराने ती घडवली, तोसुद्धा पुन्हा पुन्हा लावून-काढून बघत होता.

हे घेऊन मी एका सल्लागार कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. गुळगुळीत टेबल, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. तिथले साहेब म्हणाले, "पेटंटला वर्षानुवर्षं लागतात हो, डिझाइन पेटंट करून टाकू, सर्टिफिकेट लवकर येतं." हा प्रकार अमेरिकेत असतो, आपल्याकडे नाही, हे त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. विळी चालते कशी, हे एकानेही विचारलं नाही. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून फोटो काढले, ट्रेडमार्क आणि लोगोचं पॅकेज गळ्यात मारलं, आणि वर सांगितलं की तोवर खुशाल प्रदर्शनात मांडा. मी मांडली.

सर्टिफिकेट आलं. पुढे काही महिन्यांनी ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात तीच विळी दिसली. माझा पाट पिंपळपानाच्या आकाराचा लाकडी, त्यांचा चौकोनी प्लास्टिकचा. पण उलटी करून पाहिली तर खाली तीच खिट्टी! सर्टिफिकेट घेऊन वकिलांकडे धावलो. त्यांनी दोन्ही विळ्या शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "डोळ्यांना सारख्या दिसतात का?" नाही दिसत. मग त्यांनी माझ्याच अर्जातल्या फोटोंखालची एक ओळ दाखवली. वस्तूच्या यांत्रिक क्रियेवर किंवा बांधणीच्या तत्त्वावर या नोंदणीने कोणताही दावा केलेला नाही, अशा अर्थाची. ही ओळ डिझाइनच्या अर्जात सर्रास असते. म्हणजे जे माझं होतं तेवढंच सोडून बाकी सगळं मी पैसे भरून राखलं होतं. खिट्टीचं पेटंट तरी करू म्हटलं, तर प्रदर्शनात ती सगळ्यांना दाखवून झालेली, आणि नोंदणी झालेलं डिझाइनही सरकारी जर्नलमध्ये छापून येतं. पेटंटला लागणारा नवेपणा संपला. कार्यालयाला फोन केला तर म्हणे, "सर, सर्टिफिकेट मिळालं ना तुम्हाला?"

असो. रक्त आटवून उपयोग नाही.

प्रदर्शनात मांडली तरी वस्तूचा नवेपणा जात नाही अशी सूट कायद्यात आहे, असं तुमच्या पोस्टखाली एकांनी लिहिलंय. आहे, पण ती सरकारने अधिसूचना काढून ठरवलेल्या प्रदर्शनांना. ऐरोलीतल्या सोसायटीचा दिवाळी स्टॉल त्यात बसत नाही. आणि आत काय बसवलंय ते तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं नाहीत, हे फार उत्तम केलंत. फोटो मागणारे बरेच दिसताहेत, कुणालाही देऊ नका. इथे टाकलेला फोटोही जाहीर केल्यासारखाच धरतात.

घाईत करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा, प्रोव्हिजनल अर्ज. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क 1600 रुपये, अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. त्याने तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. ते चुकवलेत तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मसुदा मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटकडूनच करून घ्या. त्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते. पहिल्या भेटीत तो "चालतं कसं?" असं विचारत नसेल तर चहासुद्धा न घेता उठा. माझा हा एकच निकष उरलाय.

अर्जाआधी खिडकीच्या ब्लाइंडची दोरी बघून ठेवा. ओढून सोडली की थांबणारी दोरी तिथे आधीपासून आहे, आणि परीक्षक पहिला आक्षेप तोच काढेल. ओल्या चादरीचं वजन पेलूनही तुमची दोरी घसरत नाही ती कशामुळे, त्यावर सगळा भर द्या. तेवढं नवीन नसेल तर पेटंट मिळणार नाही, हेही स्पष्टच सांगतो.

"पेटंटेड" असं स्टिकर छापायचा सल्ला कुणीतरी दिलाय. नसलेलं पेटंट मिरवणं पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली दंडाला पात्र आहे. अर्ज केल्यावर "पेटंटसाठी अर्ज केला आहे" एवढं छापा. आणि हे सगळं झेपत नसेल तर खुशाल सगळ्यांना फुकट देऊन टाका, त्यातही मजा आहे. जपानमधल्या केन्जी कावाकामी यांच्या चिंदोगू नावाच्या अचाट वस्तूंचा तर नियमच आहे की पेटंट घ्यायचं नाही आणि विकायचंही नाही. पण मग नंतर हळहळायचं नाही.

रबाळ्याला नळ्या करून घेणार आहात, तर फॅब्रिकेटरकडून ड्रॉइंग देण्याआधी गुप्ततेचा एक कागद सही करून घ्या. स्टील 304 या चांगल्या प्रतीचं आहे का ते चुंबकाने तपासू नका, 202 या स्वस्त प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. दोरी नायलॉनची दिसतेय. ती भिजली की ताणते, आणि तुमच्या अटकावाची पकड तिथेच सुटेल. पॉलिएस्टरची लावून बघा. अर्जात दोरीची एकच जाडी मात्र लिहू नका, अमुक ते अमुक अशी लिहा, नाहीतर कुणीतरी एक मिलिमीटर जाड दोरी लावून मोकळा होईल.