निवडणुकीतील आश्वासने वारंवार फोल ठरत असताना ख्रिस्ती माणसाने राज्यकर्त्यांकडे कसे पाहावे?

पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, राज्यकर्त्यांविषयी भाबडी आशा कधीच बाळगलेली नाही. 1 शमुवेलच्या आठव्या अध्यायात इस्राएली लोक 'आम्हांला राजा हवा' असा हट्ट धरतात, तेव्हा वृद्ध संदेष्टा शमुवेल, राजा काय देईल हे न सांगता काय काय घेईल याचीच यादी वाचून दाखवतो: मुलगे रथांसाठी, मुली स्वयंपाकासाठी, उत्तम शेते आणि द्राक्षमळे चाकरांसाठी, शिवाय धान्याचा दहावा हिस्सा. इतका प्रामाणिक जाहीरनामा आजवर कोणत्याही पक्षाने छापलेला नसेल! तरीही लोकांनी राजाच मागितला, ही गोष्ट मतदार म्हणून आपल्यालाही लागू पडते.

पुढे शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने तर जोखड हलके करण्याची विनंती करणाऱ्या प्रजेला, वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून, ते अधिक जड करण्याची धमकी दिली आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा गमावले. म्हणूनच स्तोत्र 146 अधिपतींवर भिस्त ठेवू नका असे बजावते, कारण मनुष्य मातीस मिळतो त्याच दिवशी त्याचे बेतही संपतात.

याचा अर्थ राजकारणाकडे पाठ फिरवावी असा मात्र नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील तेरावा अध्याय, जो रोमन सम्राट नीरोच्या राजवटीत लिहिला गेला, अधिकाऱ्यांचा मान राखण्यास व कर भरण्यास सांगतो. प्रेषितांची कृत्ये 5:29 त्या आज्ञापालनाला देवाच्या आज्ञेची मर्यादा घालते. त्या चौकटीत राहून मतदान करावे, निवडून आलेल्यांसाठी प्रार्थना करावी आणि दिलेल्या शब्दाचा जाबही विचारावा.