अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केली, पुढे काय?

तुमचा प्रश्न असा: डॅलसजवळच्या घराचं छत बदलायला कंत्राटदाराने ८,००० डॉलर आगाऊ घेतले आणि गायब झाला. टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केली, तर 'आम्ही तुमचे वकील म्हणून काम करू शकत नाही' असं उत्तर आलं. मग हे ऑफिस आहे तरी कशाला?

उत्तर टाळाटाळीचं नाही, कायदाच तसा आहे. एजी (म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल) हा राज्याचा वकील, तुमचा-माझा नव्हे. ग्राहक संरक्षणाचा खटला तो राज्याच्या नावाने भरतो, तोही बहुधा एकाच धंदेवाल्याविरुद्ध तशाच तक्रारी साचल्या की. तेव्हा कोर्टाकडून मनाई, दंड आणि ग्राहकांचे पैसे परत, असं सगळं मागता येतं. तुमची तक्रार त्या ढिगातला पुरावा असते, म्हणून ती पुराव्यासारखी लिहा: कराराची तारीख, चेकचा नंबर, काय कबूल केलं होतं ते त्याच्याच शब्दांत, मेसेजचे स्क्रीनशॉट. त्याच्या लायकीबद्दलचा परिच्छेद काढून टाका. मूळ कागद देऊ नका. बँक खातं आणि सोशल सिक्युरिटी नंबर झाका, कारण टेक्सासमध्ये अशी तक्रार सार्वजनिक नोंद ठरू शकते.

लोक फसतात ते पुढे. तक्रार केली म्हणजे केस सुरू झाली, असं समजून वाट बघत बसतात. मुदत थांबत नाही. टेक्सासच्या फसव्या व्यापार प्रथांच्या कायद्याखाली दाव्याला २ वर्षं असतात, आणि दाव्याच्या ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती सर्टिफाइड मेलने (नोंदणी टपालाने) आजच पाठवा. २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) चालतो, वकील लागतोच असं नाही.

चोरी म्हणून फौजदारी कारवाई हवी असेल तर पोलीस आणि काउंटीचा (जिल्ह्याचा) सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी. टेक्सासच्या एजीला सर्वसाधारणपणे स्वतःहून फौजदारी खटला चालवता येत नाही; तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये निवडणूक गुन्ह्यांच्या प्रकरणातही तेच सांगितलं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका: तिथे एजीला गव्हर्नर नेमतो, राज्य पोलीस त्याच्या खात्यात येतात आणि काउंटीचे सरकारी वकील त्याच्या देखरेखीखाली असतात. टेक्साससह ४३ राज्यांत मात्र एजी निवडून येतो. आपल्याकडचा, भारतातला महाधिवक्ता डोळ्यांसमोर ठेवलात तर घोटाळा होईल. राज्यघटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल त्याला नेमतात, आणि ग्राहकांच्या तक्रारी घेणं हे त्याचं काम नाही.

दार चुकलं तरी महिने जातात. विमा कंपनी छताचा क्लेम देत नसेल तर टेक्सासचं विमा खातं, विमान कंपनीसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वाहतूक खातं. नोकरीतली हेल्थ पॉलिसी नोकरी देणारी कंपनीच स्वतःच्या पैशातून चालवत असेल, तर केंद्राचं कामगार खातं.

ऑफिसचं उरलेलं काम मोठं आहे: राज्यावरच्या दाव्यांत बचाव, मुलांच्या पोटगीची वसुली (टेक्सासमध्ये ती याच ऑफिसकडे), अधिकाऱ्यांना कायदेशीर मत. हे मत ठरावीक पदाधिकारीच मागू शकतात, नागरिक नाही. आणि एजी एकत्र आले की काय होतं ते १९९८ साली दिसलं: ४६ राज्यांनी चार मोठ्या तंबाखू कंपन्यांशी समझोता केला, २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलरचा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत असणाऱ्यांसाठी, विषय निघालाच आहे म्हणून: धर्मादाय संस्थांवरची देखरेखही एजीकडे असते. कॅलिफोर्नियात मालमत्ता किंवा देणगी हाती आल्यापासून ३० दिवसांत त्याच्या रजिस्ट्रीत (धर्मादाय संस्थांच्या नोंदवहीत) नोंदणी, आणि मग दरवर्षी नूतनीकरण. खजिनदार बदलतो, फॉर्म राहून जातो, संस्था थकबाकीदार ठरते आणि गणपतीची वर्गणी मागणंही नियमबाह्य होतं. रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर मंडळाचं नाव टाकून सद्यस्थिती बघता येते.