पेपर आहेत म्हणजे कुत्रं निरोगी आहे असं नाही: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जोड लावण्याबद्दलचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा.

प्रश्न: ताई, आमची लॅब्रॅडोर १४ महिन्यांची आहे, पेपरवाली (म्हणजे जातीची, वंशावळीची नोंद असलेली), आता दुसऱ्यांदा माजावर आलीये. ब्रीडर म्हणतात आमचा चॅम्पियन नर लावा, पिल्लं भारी होतील. दोघांचा बाप एकच आहे पण आया वेगळ्या आहेत, ते म्हणतात ह्याला लाइन ब्रीडिंग म्हणतात, चालतं. लावू का?

नका लावू. या माजाला तर नकोच आणि हा नर तर कधीच नको.

आधी वयाचं बघू. १४ महिन्यांची लॅब अंगाने मोठी दिसते पण तिच्या हिपचा आणि कोपराचा एक्स-रे काढून पक्का ग्रेड अजून मिळालेला नसतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था २४ महिन्यांच्या आधी हिपचा अंतिम ग्रेड देतच नाही, कारण सांधा सैल आहे का घट्ट हे तोपर्यंत नीट ठरत नाही. हिप डिस्प्लेशिया म्हणजे खुब्याची वाटी उथळ असणं, ते बऱ्याच अंशी आईबापाकडून येतं आणि गंमत म्हणजे असं कुत्रं तरुणपणी मस्त पळत असतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

आता एकच बाप असण्याचं. सावत्र भावंडांची जोड लावली की पिल्लांचा इनब्रीडिंग गुणांक कमीत कमी १२.५ टक्के येतो, सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-लेकीचा २५ टक्के. म्हणजे त्या एका बापाकडे एखादा लपलेला खराब जीन असेल तर तो दोन्ही बाजूंनी येऊन पिल्लात एकत्र व्हायची शक्यता वाढते. लॅबमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आजार आहे, त्यात आधी रात्रीचं दिसणं कमी होतं आणि मग हळूहळू पूर्ण आंधळेपण येतं, आणि हे बहुतेक वेळा कुत्रं चांगलं मोठं झाल्यावर सुरू होतं, तोपर्यंत त्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात! याची डीएनए टेस्ट गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून होते. रिपोर्टमध्ये क्लिअर (खराब जीन नाही), कॅरिअर (एकाच पालकाकडून आलेला), अफेक्टेड (दोघांकडून आलेला) असं येतं. कॅरिअर आलं म्हणून घाबरू नका, त्याला स्वतःला काही होत नाही आणि क्लिअर जोडीदार दिला तर एकही पिल्लू आंधळं होणार नाही, निम्मी कॅरिअर निघतील इतकंच. दोन कॅरिअर एकत्र आले की मात्र प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका.

तेव्हा थांबा. दोन वर्षांची होऊ द्या, हिप-एल्बोचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, डीएनए करा, मेटिंगच्या आधी दोघांची ब्रुसेलाची (जोडीतून पसरणारा, गर्भ पाडणारा जंतू) टेस्ट करा आणि वेगळ्या रक्ताचा नर शोधा. आणि एखाद्या टेस्टमध्ये ती नापास झाली तर पिल्लं घेऊच नका. लाडाची म्हणून ती तितकीच लाडाची राहते की.

प्रश्न: आमचा जर्मन शेफर्ड इतका देखणा आहे की रस्त्यात लोक फोटो काढतात, तरी शोमध्ये चौथा आला. जजने दोन मिनिटंसुद्धा बघितलं नाही, पहिला आलेला तर अगदी साधा दिसत होता.

तुमचं वाईट वाटणं समजतं, पण जज रिंगमधल्या कुत्र्यांना एकमेकांशी नाही तर त्या जातीच्या स्टँडर्डशी, म्हणजे आदर्श कुत्रं कसं असावं याच्या लेखी वर्णनाशी, ताडून बघतो, आणि सवय असलेल्या हाताला दोन मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी त्याचे हात बघा. आधी ओठ वर करून दात बघतो, शेफर्डला वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे चिकटून बसायला हवेत आणि एकूण ४२ दात हवेत. मग हात मानेवरून खांद्यावर येतो, तिथे केसांच्या आत बोटं घालून खांद्याचं हाड किती तिरकं आहे ते चाचपतो कारण भरघोस कोट खूप काही लपवतो, मग छाती, पाठ, मांडीचे स्नायू, नर असेल तर दोन्ही अंडकोश उतरलेत का ते. त्यानंतर चाल. समोरून नि मागून पाय सरळ पडतात का, बाजूने पावलाची फेक किती, मागचा पाय किती ढकलतो. हात लावताना कुत्रं मागे सरकलं तर स्वभावाचे मार्क गेलेच. तो "साधा" कुत्रा बहुतेक चालीत जिंकला असणार.

पण मला इथे दुसरं एक बोलायचंय. रिंगमध्ये हिप दिसत नाही, हृदय ऐकू येत नाही. त्यामुळे चॅम्पियन म्हणजे निरोगी असं अजिबात धरू नका. २०१२ मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोला १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी केली तेव्हा बुलडॉग, पेकिनीजसकट सहा जातींचे विजेते नापास झाले आणि त्यांना पुढच्या फेरीत जाता आलं नाही. किती आरडाओरडा झाला तेव्हा, पण माझ्या मते ते फार आधी व्हायला हवं होतं. पग, बुलडॉग घोरतो ते क्यूट नसतं हो, त्याला श्वास पुरत नसतो. आता या जातींसाठी केंब्रिज विद्यापीठाने बसवलेली श्वासाची टेस्ट आहे, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने ऐकतात आणि ० ते ३ ग्रेड देतात. ३ आला तर त्या कुत्र्याची जोड लावायचीच नाही.

प्रश्न: शुद्ध जातीत दुसऱ्या जातीचं रक्त एकदा जरी आलं तर जात बिघडली असंच ना?

नाही. डाल्मेशियनचं बघा. त्यांच्यात एक जीन अख्ख्या जातीत पसरला होता, त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड फार जायचं आणि मूतखडे व्हायचे, नरांची तर लघवीच अडकायची. सगळेच सदोष, मग जातीच्या आत चांगला जोडीदार आणायचा कुठून? १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर जातीचं कुत्रं जोडीला घेतलं आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत परत डाल्मेशियनच लावला. आज त्या वंशातली कुत्री ठिपक्यांसकट पक्की डाल्मेशियन दिसतात आणि निरोगी जीन टिकून आहे. तरी क्लबांनी दारं उघडायला किती वर्षं घेतली, ब्रिटिश केनेल क्लबने २०१० मध्ये नोंदणी दिली आणि अमेरिकन केनेल क्लबने २०११ मध्ये. मधल्या काळात जी कुत्री खड्यांनी तळमळली त्यांचा विचार आला की मला अजून राग येतो.

प्रश्न: मर्ल (अंगावर फिकट-गडद ठिगळांचा रंग असलेला) नर आणि मर्ल मादी लावली तर सगळी पिल्लं सुंदर मर्ल होतील का?

होणार नाहीत. साधारण चारातलं एक पिल्लू डबल मर्ल होतं, म्हणजे मर्लचा जीन दोघांकडून आलेलं, बरंचसं पांढरं, आणि त्यात बहिरेपण, आंधळेपण किंवा दोन्ही असण्याचा मोठा धोका. मर्लला नेहमी मर्ल नसलेला जोडीदार.

प्रश्न: मादी गाभण आहे, ४० दिवस झाले. सगळे म्हणतात कॅल्शियम सुरू करा. कोणतं देऊ?

कोणतंच नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तरच. शरीर स्वतः हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, बाहेरून भरपूर मिळायला लागलं की ती यंत्रणा सुस्त होते आणि व्याल्यावर दूध एकदम वाढतं तेव्हा तिला वेळेत जाग येत नाही, रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. यालाच एक्लॅम्पसिया म्हणतात. लहान जातीची मादी आणि पिल्लं जास्त असतील तर विशेष सांभाळा, पहिले तीन-चार आठवडे. ती अस्वस्थ झाली, धापा टाकायला लागली, पाय ताठ करून चालली, थरथरली तर पिल्लं बाजूला काढा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. आत्ता फक्त चांगल्या प्रतीचं पिल्लांचं फूड हळूहळू वाढवत न्या. व्यायला साधारण ६३ दिवस लागतात, शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा टेंपरेचर घ्या, ते ३७ सेल्सिअसच्या आसपास उतरलं की बहुतेक एका दिवसात व्यायला सुरुवात होते. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव दिसला तर लगेच दवाखाना.

प्रश्न: पिल्लू घ्यायला जाताना नेमकं काय बघायचं?

आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका आणि पिल्लाच्या आधी त्याची आई बघायला मागा. ती लपवून ठेवली असेल किंवा माणसं बघून थरथरत असेल तर परत या. पिल्लांमध्ये बसून किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका, दचकून पळालेलं पिल्लू थोड्या वेळाने वास घ्यायला परत आलं तर छान. पोट फुगलेलं नि बाकी अंग वाळकं असेल तर बहुतेक जंत असतात, जंताचं औषध कधी कधी दिलं ते विचारा. आणि आईबापाचे रिपोर्ट दाखवले तर नुसतं वाचून परत देऊ नका, त्यावर मायक्रोचिपचा नंबर असतो, स्कॅनर आईच्या खांद्यावरून फिरवायला सांगा आणि तोच नंबर येतो का ते स्वतः बघा.