बालेकिल्ला आणि अ‍ॅक्रोपोलिस

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या इतिहासाच्या पुस्तकातील अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसचे चित्र पाहून आजी फोनवर म्हणाली, "हा तर त्यांचा बालेकिल्ला!", आणि बालेकिल्ला म्हणजे बाळांचा किल्ला का, असे तू मला विचारलेस. उत्तर मुद्दाम मराठीतून लिहिते आहे, सावकाश वाच.

'बाले'चा बाळाशी काही संबंध नाही. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. म्हणून गडाचा सर्वांत उंच, वेगळ्या तटाने राखलेला भाग तो बालेकिल्ला. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांच्या मधोमध जो उभा कडा दिसतो, त्याच्या माथ्यावर तो आहे. ग्रीक शब्दाची घडणही जवळजवळ अशीच आहे: 'आक्रोस' म्हणजे टोकाचा, सर्वांत वरचा, आणि 'पोलिस' म्हणजे नगर. 'आक्रोस' ऐकून आपल्याला 'अग्र' आठवतो, पण त्याचे खरे नाते 'अश्रि' म्हणजे धार किंवा कोपरा या संस्कृत शब्दाशी आहे, आणि तो आपल्या 'चौरस'मध्ये लपलेला आहे. 'पोलिस' मात्र सोलापूर-कोल्हापुरातल्या 'पुरा'चा नातेवाईक आहे. वेदांत 'पुर्' म्हणजे तटबंदीची जागा.

मला या शब्दात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की 'पोलिस' आधी डोंगरावरच होते. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात अथेन्सच्या त्या टेकडीभोवती भक्कम तट होता. पुढे वस्ती खाली पसरली, नगर हे नाव खालच्या गावाला मिळाले, आणि मूळ जागेला 'वरचे' असे विशेषण लावणे भाग पडले. तरीही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थ्युसिडिडीस हा इतिहासकार लिहितो की अथेन्सचे लोक अ‍ॅक्रोपोलिसला अजून नुसते 'पोलिस' म्हणतात. त्याच्याही आधीच्या होमर या ग्रीक कवीच्या इलियड महाकाव्यात 'आक्रोस' आणि 'पोलिस' हे दोन शब्द सुटे आहेत. त्याच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यात, लाकडी घोडा ट्रॉयच्या गडावर ओढून नेल्याची कथा येते तेथे, ते जोडलेले दिसतात.

म्हणून आजीचे बरोबर आहे, पण एक फरक ध्यानात ठेव: आपला बालेकिल्ला हा किल्ल्याचा वरचा भाग, त्यांचे अ‍ॅक्रोपोलिस हा नगराचा. शिवाय पुस्तकातील चित्रात दिसते ते मुख्यतः पार्थेनॉन, म्हणजे अथीनादेवीचे मंदिर, ज्याचे काम इसवी सनापूर्वी 447 मध्ये सुरू झाले. आजीला करिंथ या ग्रीक शहराचा वरचा गड, अ‍ॅक्रोकोरिंथ, दाखव. सुमारे 575 मीटर उंचीचा तो डोंगर, एकामागून एक असे तीन दरवाजे आणि वर झऱ्याचे पाणी पाहून तिला आपला गडच आठवेल.

तुझी,
आई