घर विकून ट्रेलरमध्ये राहायला जावं का?

प्रश्न: आम्ही दोघं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मी ५८ वर्षांचा, गेल्या वर्षी कंपनीचं पॅकेज घेऊन मोकळा झालो. पत्नी ५६ वर्षांची, मॅनहॅटनमधल्या कंपनीचं काम स्वतःच्या सोयीसाठी घरून करते. मुलगी ऑस्टिनला. घराचे आज ६,२०,००० डॉलर येतील. २००६ मध्ये ३,६०,००० ला घेतलं होतं. २.८७५ टक्क्यांचं मोर्गेज, १,४०,००० बाकी. घर विकून ६०,००० डॉलरचा नवा ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) कर्जावर घ्यायचा, पत्ता साउथ डकोटाचा करून राज्याचा इन्कम टॅक्स वाचवायचा आणि देशभर फिरायचं. महिना २,००० डॉलरमध्ये भागेल असा अंदाज आहे. करावं का?

उत्तर: जरूर निघा. फक्त घर इतक्यात विकू नका, आणि नव्या ट्रेलरसाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

आधी टॅक्सचं बोलू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भरवसा त्यावरच दिसतो. साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा ही पूर्णवेळ ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांची आवडती राज्यं. तिघांतही पगारावर राज्याचा टॅक्स नाही, आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे भरपूर आहेत. पण वहिनींची कंपनी न्यूयॉर्कमध्ये आहे. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून काम करत असेल तर न्यूयॉर्क राज्य तो पगार आपल्याच हद्दीतला धरतं, मग लॅपटॉप एडिसनला उघडा नाहीतर ॲरिझोनात. म्हणजे पगारावरचा टॅक्स सुटत नाही. घर भाड्याने दिलंत तर त्या भाड्यावर न्यू जर्सीचा हक्क राहतोच. उरले व्याज, डिव्हिडंड आणि पुढे कधीतरी निवृत्ती खात्यातून काढायचे पैसे. तेवढ्यासाठी पत्ता बदलायला हरकत नाही, पण त्या बचतीच्या जोरावर घर विकण्याइतकं त्यात काही नाही.

आता घर. राहत्या घराच्या विक्रीत नवरा-बायकोला मिळून ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा केंद्राच्या टॅक्समधून माफ असतो. मुख्य अट ही की विक्रीच्या आधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षं तुम्ही मालक म्हणून तिथे राहिलेले हवेत. तुमचा नफा अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या बराच आत. गंमत अशी की ही अट तुम्हाला जवळजवळ ३ वर्षांची मोकळीक देते. आज भाडेकरू ठेवा, हिंडून या, नाही जमलं तर परत राहायला जा. जमलं तर ३ वर्षं पूर्ण व्हायच्या आत विका. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर तेवढा टॅक्स भरावा लागेल, बाकी माफी शाबूत.

तुमच्याकडे घराचं भाडं ३,६०० डॉलर धरा. मोर्गेजचा हप्ता १,४८०, प्रॉपर्टी टॅक्स साधारण ९२०, विमा १५०, मॅनेजरला २९०, दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांसाठी ४००. हातात उरतात जेमतेम ३६०. फार नाहीत, कबूल. पण त्या हप्त्यातले अकराशेहून जास्त डॉलर दर महिन्याला मुद्दलीत जाताहेत, आणि पावणेतीन-तीन टक्क्यांचं कर्ज एकदा हातचं गेलं की पुन्हा मिळणं कठीण.

ट्रेलरचं उलट आहे. ६,००० भरून बाकी ५४,००० चं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ५४८ डॉलर येतो. ३ वर्षांनी बाकी असते ४८,००० च्या घरात. तोवर ट्रेलरची किंमत? मी हिशोबात ३ वर्षांत ४० टक्के उतरलेली धरतो, म्हणजे ३६,०००. त्या दिवशी कंटाळा आला तर विकायलासुद्धा पदरचे १२,००० घालावे लागतील. त्यापेक्षा ५-६ वर्षं जुना ट्रेलर रोखीने घ्या. फार जुनाही नको; ट्रेलर उभे करायच्या बऱ्याच खासगी पार्कांत १० वर्षांपुढचा ट्रेलर घेत नाहीत. घेण्याआधी तपासनिसाला छतावर चढवा. सांध्यांवरचं सीलंट फाटलेलं असेल तर पाणी भिंतीत मुरतं आणि आतलं लाकूड कुजून जातं. एका कोपऱ्यात भिंत बोटाने दाबून ती मऊ लागली तर तिथूनच परत फिरा, भाव कितीही पाडून दिला तरी.

गाडीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे घरची एसयूव्ही ओढेल असं गृहीत धरलेलं दिसतंय. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. समजा १,४५० आहे. भरलेला ट्रेलर ७,५०० पौंडांचा असेल तर त्याच्या दांड्याचा भार ९५० च्या आसपास गाडीवर येतो, तुम्ही दोघं ३२०, हिच म्हणजे ट्रेलर जोडायचा सांगाडा १००. उरले ८० पौंड. त्यात वहिनींची पर्स आणि कुकर बसेल. थोडक्यात, एसयूव्ही पुरणार नाही; ओढायला लागणाऱ्या ट्रकचा खर्च धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

२,००० च्या अंदाजाला मी उडवून लावणार नाही. एका जागी महिनाभर मुक्काम, विजेसकट ९००. डिझेल २५०, ट्रक आणि ट्रेलर दोन्हींचा विमा २५०, टायर-दुरुस्ती ३००, इंटरनेट-फोन २५०, गॅस आणि लाँड्री १००. झाले २,०५०. यात अन्न नाही, औषधपाणी नाही, हप्ता तर नाहीच. आणि हे आकडे महिन्याच्या भाड्याचे. दर तीन दिवसांनी तळ हलवलात तर एकेका रात्रीच्या दराने जागेचा खर्च सहज दुप्पट होतो. वर्षानुवर्षं अशी राहणारी जोडपी हेच सांगतात: पहिल्या वर्षी सगळे जण धावतात, दुसऱ्या वर्षी मुक्काम लांबवतात. ६२ पूर्ण झाल्यावर ८० डॉलरचा आजीवन सीनियर पास घ्या. राष्ट्रीय उद्यानांच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं होतं.

दोन गोष्टी विमा एजंटकडून लेखी घ्या. ट्रेलर हेच कायमचं घर असेल तर सुट्टीपुरता विमा चालत नाही, पूर्णवेळ राहणाऱ्यांची वेगळी पॉलिसी लागते. आणि हिवाळ्यात पुण्या-मुंबईला जाणार असाल तर ट्रेलर कुठे उभा राहील? थंडीत ठेवणार असाल तर नळातलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) भरावं लागतं, नाहीतर पाइप फुटलेले सापडतील.

पत्ता बदलण्याआधी वहिनींना कंपनीच्या एचआरला दोन प्रश्न मेलवर विचारायला सांगा: न्यू जर्सीबाहेर महिनोन्महिने बसून काम चालेल का, आणि आरोग्य विम्याचं नेटवर्क देशभर आहे का. तुम्हा दोघांचा आरोग्य विमा या नोकरीवर उभा आहे, आणि तुमच्या मेडिकेअरला, म्हणजे ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याला, अजून ७ वर्षं आहेत. उत्तर आलं की भाडेकरूची जाहिरात द्या.